नजर कागदावर येईपर्यंत कोन कुठे असतो?

कोल्हापुरात चित्रकला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: ‘पंचगंगा घाटावर स्केच करायला बसते. देवळाच्या शिखराची तिरकी कड मला नीट दिसते, पण नजर पॅडवर आणली की कोन निसटतो आणि रेघ भलतीच उतरते. मेंदूचा मागचा भाग फक्त पाहतो आणि लक्षात ठेवायचं काम कपाळामागचा भाग करतो, असं वाचलं. मग माझी नजर कच्ची की स्मरण? स्मरणाचे वेगळे व्यायाम करू का?’

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. कोनासारखा बारीक तपशील दोन-चार सेकंद धरून ठेवण्यात मेंदूचा मागचा, पाहणारा भागच गुंतलेला असतो. कपाळामागचा भाग काय धरायचं ते ठरवतो आणि ते निसटू नये म्हणून पाठपुरावा करतो. त्यामुळे पाहण्याचा व्यायाम वेगळा आणि स्मरणाचा वेगळा, अशी वाटणी करून फार काही हाती लागत नाही. मात्र तुमची रेघ खरंच स्मरणामुळे चुकते की आणखी कशामुळे, हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. मोजायची पद्धत खाली दिली आहे. तासाभराचं काम आहे, ते आधी करा.

‘स्मरण’ या शब्दाने इथे थोडा घोटाळा होतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे वेगळे पेपर असतात, ते आठवा. स्मरणचित्रात जत्रा, बाजार, पावसातला रस्ता असं काही काढायचं असतं. ते कधीतरी पूर्वी पाहिलेलं असतं आणि दीर्घकालीन साठ्यातून येतं. त्या साठ्यात नवी भर पडायला मेंदूच्या आतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूतून १९५३ साली, फिट्सवरचा उपाय म्हणून, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्यांच्या मनात नव्या घटना टिकेनात. पण ऐकलेले आकडे काही सेकंद धरून परत सांगणं त्यांना जमत राहिलं. म्हणजे या दोन व्यवस्था वेगळ्या आहेत, आणि घाटावर तुम्हाला लागते ती सेकंदांची. खरं तर वस्तुचित्रसुद्धा स्मरणातूनच निघतं. वस्तू समोर असली तरी रेघ ओढताना डोळे कागदावर असतात.

आता तुम्ही वाचलेल्या गोष्टीकडे येऊ. ती कुणी उगाच लिहिलेली नाही. १९७१ मध्ये फुस्टर आणि अलेक्झांडर यांनी माकडांच्या कपाळामागच्या, म्हणजे प्रीफ्रंटल भागातल्या पेशींची नोंद घेतली. माकडाला खाऊ कुठे ठेवला ते दाखवायचं, मग पडदा टाकून थांबायला लावायचं. या रिकाम्या वेळात, समोर काहीच नसताना, त्या पेशी जागत्या राहिल्या. १९८९ मध्ये फुनाहाशी, ब्रूस आणि गोल्डमन-राकिच यांनी हेच आणखी नेटकं दाखवलं: दिवा कुठे चमकला ती जागा लक्षात ठेवताना काही पेशी ठरावीक जागेसाठीच पेटलेल्या राहतात. त्यावरून ‘मागे पाहणं, पुढे साठवणं’ हे चित्र पक्कं झालं आणि पुष्कळ पुस्तकांत अजून तेच आहे. हे चित्र चूक नाही, अपुरं आहे.

अपुरं का, ते कळायला मागचा भाग काय करतो ते पाहावं लागेल. डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या आत ऑक्सिपिटल लोब असतो. डोळ्यांकडून निघालेला संदेश मेंदूच्या मधल्या एका टप्प्यावरून या लोबमधल्या पहिल्या क्षेत्रात पोचतो, त्याला व्ही-वन म्हणतात. ह्यूबेल आणि वीझल यांनी १९५९ पासून दाखवत नेलं की इथल्या पेशी कोनाला बांधलेल्या असतात. एखादी उभ्या कडेला जोरात प्रतिसाद देते, शेजारची थोड्या कललेल्या कडेला, त्यापुढची आणखी कललेल्या. कोनाचं इतकं बारीक कोष्टक मेंदूत दुसरीकडे क्वचितच असेल. या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्यानंतरच्या दृष्टिक्षेत्रांपैकी व्ही-फोर नावाच्या क्षेत्रात रंग आणि आकार, एमटी नावाच्या क्षेत्रात हालचाल असं काम वाटलं जातं, पण शिखराची कड किती अंशात झुकली आहे याचा सगळ्यात नेमका हिशोब व्ही-वनपाशीच असतो. मग हा हिशोब काही सेकंद टिकवायचा तर त्याची नक्कल कपाळामागे नेऊन ठेवण्यापेक्षा मूळ वहीच उघडी ठेवणं सोयीचं.

तसं होतं याचा पुरावा २००९ मध्ये आला. हॅरिसन आणि टाँग यांनी एफएमआरआय यंत्रात (ते मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून कुठला भाग कामात आहे ते दाखवतं) झोपलेल्या माणसांना तिरक्या पट्ट्यांची दोन चित्रं एकामागून एक दाखवली. त्यानंतर ‘१’ किंवा ‘२’ असा आकडा दाखवला. ज्या क्रमांकाचं चित्र असेल त्याचा कोन ११ सेकंद लक्षात ठेवायचा. चित्रं प्रत्येक वेळी तीच दोन दाखवलेली, फरक फक्त कोणतं धरून ठेवलं याचा. त्या ११ सेकंदांतल्या दृष्टिक्षेत्रांच्या नोंदीवरून माणसाने कोणता कोन धरला आहे हे ८० टक्क्यांहून जास्त वेळा ओळखता आलं. नुसत्या अंदाजाने ५० टक्के आले असते. महत्त्वाचा बारकावा असा की या वेळात व्ही-वनमधली एकूण हालचाल जवळजवळ मूळ पातळीवर उतरलेली होती. आधीचे अभ्यास एकूण पातळी मोजत होते, म्हणून त्यांना इथे काही सापडलं नव्हतं. माहिती होती ती पातळीत नव्हे, यंत्राच्या नोंदीतला कुठला ठिपका थोडा वर आणि कुठला थोडा खाली या नक्षीत. रांगोळीत किती किलो रंग गेला यावरून नक्षी कळत नाही, तसं.

त्याच वर्षी सेरेन्सेस आणि सहकाऱ्यांनी रंगीत तिरक्या पट्ट्या दाखवून काही वेळा फक्त रंग आणि काही वेळा फक्त कोन लक्षात ठेवायला सांगितला. चित्र तेच. व्ही-वनमध्ये टिकून राहिला तो सांगितलेला गुणच; दुसरा विरून गेला. चित्रकाराने हा निष्कर्ष पेन्सिलच्या डबीवर लिहून ठेवावा इतका कामाचा आहे. ‘नीट बघितलं’ म्हणजे सगळं साठवलं असं होत नाही. बघताना जे ठरवलं असेल तेच पुढच्या सेकंदापर्यंत पोचतं.

हे क्षेत्र नवं दृश्य घेत असताना जुनं कसं धरतं, ही शंका रास्त आहे. मेंदूची साल थरांची असते. माकडांवरच्या २०१७ च्या नोंदींत असं दिसलं की लक्षात ठेवण्याची खूण व्ही-वनच्या वरच्या आणि खालच्या थरांत ठळक असते. वरिष्ठ भागांकडून परत येणारे संदेश तिथेच उतरतात. डोळ्यांकडून ताजी खबर येते तो मधला थर त्या मानाने मोकळा राहतो. तरीही गर्दी होतेच. २०१६ मध्ये बेटेनकोर्ट आणि शू यांनी मधल्या वेळात दुसरी चित्रं दाखवली, तेव्हा मागच्या क्षेत्रांतली खूण पुसली गेल्यासारखी झाली, पण टाळूच्या बाजूच्या पराएटल भागात टिकली. त्यावरून काहींनी मागच्या भागाचं काम दुय्यम ठरवलं. २०१९ मध्ये राडेमाकर आणि सहकाऱ्यांना मात्र पाहिला जाणारा कोन आणि आठवणीतला कोन दोन्ही मागच्या क्षेत्रांत एकाच वेळी वाचता आले. वाद मिटलेला नाही. माझं मत असं की कोन जितका बारकाईने हवा तितकी मागच्या भागाची गरज जास्त. ‘उजवीकडे झुकलेलं’ एवढंच पुरत असेल तर पुढचे भाग एकटे भागवतात. चित्र काढायचं तर ‘उजवीकडे झुकलेलं’ पुरत नाही.

आता घाटावरच्या त्या दोन सेकंदांत काय घडतं ते सावकाश पाहू. शिखरावर नजर असते तेव्हा सगळंच स्पष्ट असतं, अगदी कळसाखालच्या कंगोऱ्यांसह. नजर हलली की त्या भरगच्च दृश्याचा ठसा सेकंदाच्या आत ओसरतो. स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये तो मोजला. १२ अक्षरं क्षणभर दाखवली तर माणसं चार-पाच सांगतात. पण अक्षरं नाहीशी होताच सुराने ‘मधली ओळ’ असा इशारा दिला तर त्या ओळीतली जवळजवळ सगळी सांगतात. इशारा सेकंदभर उशिरा दिला तर हा फायदा संपतो. तुमच्या बाबतीत तर पांढराशुभ्र, उन्हात चमकणारा कागद लगेच डोळ्यांसमोर येतो आणि उरलासुरला ठसाही झाकतो. त्यानंतर हातात राहतं ते मोजकंच. १९९७ मध्ये लक आणि व्होगेल यांनी रंगीत चौकोनांच्या चाचणीत ही मर्यादा साधारण चार वस्तूंची दाखवली. आणि चारही सारख्या नेमक्या राहत नाहीत. संख्या वाढली की प्रत्येकीची अचूकता घसरते. एकच कोन धरला तर थोड्याच अंशांची चूक, चार धरले तर प्रत्येकात त्याहून बरीच मोठी. म्हणून शिखराची बाह्यरेषा, दीपमाळ, पायऱ्यांचा उतार आणि पाण्यातली सावली एका नजरेत उचलायला गेलात की चारही सैल उतरतात.

आता मोजणी. पुठ्ठ्याचे २० सेंटिमीटर व्यासाचे दोन गोल कापा. गोलच हवेत, कारण चौकोनी पुठ्ठ्याच्या कडा डोळ्याला फुकटचा ओळंबा देतात. प्रत्येकाच्या मध्यावर १२ सेंटिमीटरचा सायकलच्या चाकाचा आरा किंवा काळी पट्टी फिरेल अशी बसवा आणि मागे कोनमापक चिकटवा. एक गोल मदतनिसाकडे, दीड मीटरवर. दुसरा तुमच्यासमोर, उभा, डोळ्यांच्या पातळीवर. ५ ते १७५ अंशांपर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने चिठ्ठ्या करून त्या उचलत जायच्या, म्हणजे पुढचा कोन तुम्हाला ओळखता येणार नाही. मग चार फेऱ्या घ्या, प्रत्येकीत २० वेळा. पहिलीत दोन्ही गोल समोर ठेवून आरा जुळवायचा. दुसरीत मदतनिसाने दोन सेकंद दाखवून झाकायचं आणि तुम्ही लगेच जुळवायचं. तिसरीत झाकल्यावर १० सेकंद थांबून जुळवायचं. चौथीत दोन सेकंद पाहून गोलाऐवजी नेहमीच्या बैठकीत, नेहमीच्या पॅडवर रेघ ओढायची. प्रत्येक वेळची चूक अंशांत लिहा आणि घड्याळाच्या दिशेने गेली की उलट, हेही लिहा. वीसपेक्षा कमी वेळा घेतलंत तर एक-दोन धसमुसळ्या चुका सरासरी फिरवतात.

चाचणी बिघडते ती तीन ठिकाणी. आरा ‘घड्याळात एक वाजला तसा’ असं मनात शब्दांत मांडलं की स्मरण भाषेच्या भागाकडे जातं आणि तुम्ही भलतंच मोजता. ते टाळायला पूर्ण वेळ ‘एक-दोन-एक-दोन’ असं पुटपुटत राहा. दुसरं, थांबलेल्या वेळात बोट किंवा मान त्या कोनात धरून ठेवायची सवय बहुतेकांना असते. हात मांडीवर पालथे ठेवा. तिसरं, खोलीतल्या दाराची चौकट आणि खिडकीचे गज संदर्भ देतात. सपाट भिंतीकडे तोंड करून बसा.

आकडे कसे वाचायचे? समजा पहिल्या फेरीत सरासरी चूक २ अंश आली, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ९. तर पाहणं ठीक, स्मरणही ठीक. चूक पॅडवर होते आहे. याचं नेहमीचं कारण पॅड मांडीवर आडवं ठेवणं. आडवा कागद डोळ्याला खालून वर आखडलेला दिसतो. मग कोन दिसायला बरोबर ओढला तरी कागद उभा धरल्यावर रेघ जास्त उभी निघते, आणि चूक सतत उभ्या रेषेकडेच पडते, म्हणजे उजवीकडे झुकलेल्या रेघेत घड्याळाच्या उलट आणि डावीकडे झुकलेल्या रेघेत घड्याळाच्या दिशेने. पॅड नजरेला काटकोनात उभं केलं की ती बरीचशी नाहीशी होते. पहिल्याच फेरीत ७-८ अंशांची चूक येत असेल तर स्मरणाला दोष देऊ नका. आधी चष्म्याचा नंबर, विशेषतः तिरका नंबर, तपासून घ्या. पहिली लहान आणि दुसरी-तिसरी चढत गेलेली, चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या, असं असेल तरच तुमचा संशय खरा. सगळ्याच फेऱ्यांत उभ्या-आडव्याजवळचे कोन तिरक्यांपेक्षा अचूक येतील. ते सगळ्यांचंच होतं, पाहण्यातही आणि आठवण्यातही. दोन्हींकडे चुकीची घडण सारखी असणं हाही दोन्ही कामं एकाच ठिकाणी होत असल्याचा एक इशारा आहे.

यात परिस्थितीचा भाग असतोच. अपुरी झोप, वय, उन्हाची तिरीप या सगळ्यांनी आकडे हलतात. म्हणून वेगळ्या दिवशी पुन्हा एकदा मोजा. डोळे मिटल्यावर मनात चित्र उमटत नाही म्हणून कुणी घाबरू नये. अशी माणसंही या प्रकारच्या चाचण्यांत साधारण इतरांइतकीच उतरतात. पण चित्राची एकच बाजू, बहुधा डावी, रिकामी राहू लागली किंवा एका वेळी एकच वस्तू दिसते असं अचानक झालं, तर तो सरावाचा प्रश्न नाही. अजिबात वेळ न घालवता रुग्णालयात जा.

स्मरणाचा संशय खरा ठरला तर काय करायचं? ‘स्मरण वाढवणारी’ ॲप्स घेऊ नका. त्यांत जे खेळता तेवढंच सुधारतं, घाटावर फारसं पोचत नाही. त्याऐवजी स्मरणावरचा भार कमी करा. बघण्याआधी ठरवा: आता फक्त डाव्या कडेचा कोन. दोन सेकंद बघा, नजर थेट जिथे रेघ सुरू होणार त्या बिंदूवर आणा आणि तीन सेकंदांत ओढून टाका. बिंदू आधीच मारून ठेवला असेल तर जागा लक्षात ठेवायचं काम वाचतं. मग पुन्हा वर बघा. थोडं पाहणं पण वारंवार पाहणं, हे अचूक चित्र काढणाऱ्यांत मोजून दिसलेलं आहे. मधल्या क्षणात दुसऱ्या तिरक्या रेषांवर नजर रेंगाळू देऊ नका. धरलेल्या गोष्टीसारखीच गोष्ट मधे आली की ती सगळ्यात जास्त बिघडवते. पट्ट्यांची जाडी लक्षात ठेवताना वेगळ्या जाडीच्या पट्ट्या मधे दाखवल्या तर आठवण ढासळते, फक्त कोन बदलला तर जाडीची आठवण तशीच राहते. त्यामुळे घाटावर शेजारणीच्या पॅडवरचं तेच शिखर बघणं हे जाणाऱ्या रिक्षाकडे बघण्यापेक्षा जास्त महागात पडतं.

रंगाला वेगळी खोड आहे. लक्षात ठेवलेला रंग त्याच्या नावाकडे सरकतो. कातडी कोल्हापुरीचा तो पिवळट, तेल प्यायलेला रंग डोळ्यांना नीट दिसतो, पण पॅलेटकडे वळेपर्यंत मनात ‘तपकिरी’ झालेला असतो, आणि ट्यूबही तपकिरीच उचलली जाते. इथे स्मरण वापरूच नका. रंगाचा ठिपका कागदाच्या पट्टीवर लावून पट्टी चपलेशेजारी धरा आणि दोन्ही एकाच नजरेत तपासा.

हलत्या गोष्टींना हा उपाय चालत नाही, कारण पुन्हा वर बघावं तर दृश्य बदललेलं असतं. गंगावेश तालमीत कुस्तीचा जोडीने सराव चालू असताना एखादा पवित्रा सेकंदभरच दिसतो. तिथे तीन रेघांपुरतंच पाहा: मणक्याची वळणरेघ, खांद्यांची तिरकी, कमरेची तिरकी. तीन म्हणजे मर्यादेच्या आत, आणि शरीररचना येत असेल तर उरलेलं या तिन्हींवरून बांधता येतं. नजर मातीवर किंवा कागदावर आणायच्या आधी पापण्या क्षणभर मिटा, म्हणजे पुढची हालचाल आधीच्या पवित्र्यावर चढत नाही. तीन रेघा पाच सेकंदांत उतरल्या पाहिजेत. चौथी म्हणून पुढच्या पायाचा कोन घ्यावासा वाटेल. तो त्याच पैलवानाने पुन्हा तसाच पवित्रा घेतला की त्या वेळी एकटा उचला.